कॅपची जागा, युनिव्हर्सिटीची जागा आणि विकायला काढलेला प्लॉट

प्रश्न : मुलीला इंजिनीअरिंगच्या कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, दुसऱ्या फेरीत पुण्याच्या एका खासगी विनाअनुदानित कॉलेजात ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) मिळालं आहे. कॉलेजची फी वर्षाला १,४३,००० आणि वर ९,००० ‘इतर’. तिला कॉम्प्युटरच हवं होतं. एका खासगी युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर मिळतंय, पण तिथली फी वर्षाला साडेतीन लाख. ओळखीतले एक गृहस्थ म्हणतात, एक लाख रोख देऊन जागा आजच धरून ठेवा, सीईटीवरच प्रवेश आहे, शिष्यवृत्तीही मिळेल. आम्ही बार्शीचे. मिस्टर मार्केट यार्डात आडतीच्या दुकानात दिवाणजी आहेत, उत्पन्नाचा दाखला २,१०,००० चा आहे. आम्ही ओबीसी, नॉन-क्रिमिलेयर आणि जात वैधता दोन्ही आहे. दोन लाखांची एफडी, पाच तोळे सोनं आणि दहा गुंठ्यांचा एक प्लॉट एवढीच पुंजी. धाकटा मुलगा अकरावीत आहे. प्लॉट विकावा का? — एक आई, बार्शी

उत्तर : ताई, प्लॉट विकू नका आणि त्या गृहस्थांना रोख एक रुपयाही देऊ नका. आज एवढंच करा : मुलीच्या सीईटी सेलच्या (राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाच्या) लॉगिनमध्ये जाऊन कॅपची जागा स्वीकारा आणि जागा स्वीकृतीचे १,००० रुपये ऑनलाइन भरा. मुदत संपायच्या रात्री साइट रडतखडत चालते, म्हणून आदल्या दिवशीच उरका. जागा स्वीकारली नाही तर ती हातची जाते, मग पुढचं सगळं बोलणंच व्यर्थ.

तिथे ‘फ्रीज’ की ‘बेटरमेंट’ असं विचारतील. फ्रीज म्हणजे हीच जागा कायम. बेटरमेंट म्हणजे ही जागा हातात ठेवून पुढच्या फेरीत वरच्या पसंतीची वाट पाहायची. ती मिळाली की आधीची आपोआप सुटते आणि मागे फिरता येत नाही. त्यामुळे बेटरमेंट घेण्यापूर्वी मुलीला यादी समोर घेऊन बसवा आणि ई अँड टीसीच्या वर जी जी कॉलेजं आहेत त्यातलं प्रत्येक खरोखर चालेल का, ते विचारा. कुणाच्या तरी सांगण्यावरून भरलेलं लांबचं कॉलेज वर असेल तर तेच गळ्यात पडायचं.

आता मुख्य गोष्ट. ‘सीईटीवर प्रवेश’ आणि ‘कॅपमधून प्रवेश’ हे दोन वेगळे प्रकार आहेत, आणि तुमचे लाखो रुपये याच फरकात अडकलेले आहेत. अनेक खासगी युनिव्हर्सिट्या एमएच-सीईटीचे गुण बघून प्रवेश देतात. म्हणून पालकांना वाटतं की सरकारी प्रक्रियेतूनच गेलो. पण कॅप म्हणजे सीईटी सेलने राबवलेली केंद्रीभूत प्रक्रिया. स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठ तिच्या बाहेर असतं आणि फी स्वतः ठरवतं. तुमच्या कॉलेजची फी मात्र शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, २०१५ च्या कायद्यानुसार. पुण्याच्या आसपास अशी आवारं आहेत जिथे एकाच संस्थेचं कॉलेज आणि युनिव्हर्सिटी शेजारी शेजारी आहेत. गेट एक, कँटीन एक, कधीकधी शिक्षकही तेच. पालकांना कळतच नाही की आपण कोणत्या खिडकीत पैसे भरले. ओळखायची खूण सोपी आहे : कॅपच्या जागेला सीईटी सेलचं अलॉटमेंट लेटर असतं, त्यावर मुलीचा अर्ज क्रमांक आणि कॉलेज-शाखेचा चॉइस कोड छापलेला असतो. ते लेटर नसेल तर तो कॅपचा प्रवेश नव्हे, तोंडी कुणी काहीही सांगो. कॅपमधल्याच कॉलेजातली संस्थास्तरीय म्हणजे मॅनेजमेंट कोट्याची जागाही या अर्थाने बाहेरचीच.

हा फरक इतका महत्त्वाचा का, तर मुलींची शंभर टक्के सवलत. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पूर्वी ते पन्नास टक्के होतं. अट अशी की प्रवेश सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत, म्हणजे तुमच्या बाबतीत कॅपमधून, झालेला असावा. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं निर्णयातूनच वगळली आहेत. ‘शिष्यवृत्तीही मिळेल’ हे त्या गृहस्थांचं वाक्य तिथेच संपतं. युनिव्हर्सिटी स्वतः गुणांवर काही सूट देत असेल, पण ती पहिल्या वर्षापुरती की चारही वर्षं, आणि पुढे किती गुण राखावे लागतात, हे लेखी घेतल्याशिवाय हिशेबात धरायचं नाही.

पण ‘शंभर टक्के’ या शब्दांवरही भाळू नका. माफ होतं ते शिक्षण शुल्क. तुमच्या १,४३,००० ची फोड कॉलेजकडून मागा. ती साधारण शिक्षण शुल्क १,३०,००० आणि विकास शुल्क १३,००० अशी निघेल. विकास शुल्क माफ नाही, ते तुम्हाला भरायचं आहे. शिवाय ते ९,००० ‘इतर’ : त्यात विद्यापीठाची पात्रता फी, विमा, अनामत असं काय काय असतं. अनामत परत मिळते, म्हणून त्याची पावती स्वतंत्र घ्या. एकत्र पावतीत चार वर्षांनी ती शोधून देणार कोण? मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवर कॉलेजनिहाय, वर्षनिहाय पाहता येते. कॉलेजने सांगितलेला आकडा त्याहून जास्त असेल तर तिथल्या तिथे लेखी विचारा. एकावेळी एका वर्षाच्या वर फी घेता येत नाही. पावतीशिवाय मागितलेली रक्कम, मग तिला ‘डोनेशन’ म्हणा की ‘बुकिंग’, ही १९८७ च्या कायद्याने बंदी असलेली कॅपिटेशन फीच.

प्रवेशाच्या वेळी हमखास होणारी कुरबुर अशी : कॉलेजचा क्लार्क म्हणतो, आता पूर्ण फी भरा, सरकारकडून आली की परत देऊ. पात्र विद्यार्थिनीकडून सरकार भरणार असलेला हिस्सा प्रवेशावेळी घेऊ नये, अशा सूचना कॉलेजांना दिलेल्या आहेत. शांतपणे शासन निर्णयाची प्रत पुढे ठेवा. शिष्यवृत्ती नामंजूर झाली तर फी भरू, असं हमीपत्र मागतील, ते द्यायला हरकत नाही. तरी अडले तर प्राचार्यांना तिथूनच ई-मेल करा, ‘आपल्या कार्यालयाने अमुक तारखेला एवढी रक्कम मागितली, कृपया लेखी कारण द्यावं’ एवढंच. ई-मेल गेला की सूर बहुधा बदलतो. नाही बदलला, तर हाच ई-मेल प्राधिकरणाकडे किंवा तंत्रशिक्षणाच्या विभागीय कार्यालयाकडे तक्रार करताना लागतो. आणि पैसे दिलेच तर खात्यातून द्या, रोख नको. मूळ कागदपत्रं कॉलेजने ठेवून घ्यायची नसतात, पडताळून परत द्यायची असतात. तीही त्याच दिवशी घेऊन या.

कागदपत्रांत एक गोंधळ ओबीसी घरांत वारंवार होतो. नॉन-क्रिमिलेयर ठरवताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. शिष्यवृत्तीसाठी मात्र आई-वडील दोघांचं सगळ्या मार्गांनी येणारं उत्पन्न धरतात. त्यामुळे नॉन-क्रिमिलेयर आहे म्हणून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढायचाच राहतो, आणि अर्ज तिथेच अडकतो. तुमचा आहे, उत्तम. फक्त तो चालू मुदतीतला आहे ना, आणि नॉन-क्रिमिलेयर या शैक्षणिक वर्षातल्या ३१ मार्चपर्यंत चालतं ना, एवढं पाहा. दाखला, आधार आणि दहावीची मार्कशीट यांवर नाव अक्षरशः सारखं हवं. एकीकडे ‘बाळासाहेब’ आणि दुसरीकडे ‘बाळू’ असेल तर आत्ताच दुरुस्तीला टाका.

आता महाडीबीटी, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्त्यांचं पोर्टल. प्रवेश पक्का झाल्यावर मुलीने स्वतःच्या नावे अर्ज भरायचा. योजना खात्यानुसार लावलेल्या आहेत. तुम्हाला इतर मागास बहुजन कल्याण विभागाखालची, नावात ‘शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क’ असलेली योजना निवडायची आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना खुल्या प्रवर्गाची, तिथे अर्ज केला की महिनाभर वाया. अर्जात प्रवेशाचा प्रकार ‘कॅप’ असाच टाका आणि अलॉटमेंट लेटरच जोडा, कॉलेजची पावती नव्हे. मग अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून जिल्ह्याच्या कार्यालयाकडे. सगळ्यात जास्त अर्ज मरतात ते कॉलेजच्या टप्प्यावर. ‘सेंड बॅक’ होतो, मुलीच्या जुन्या नंबरवर मेसेज जातो, कुणी बघत नाही आणि मुदत निघून जाते. अर्ज केल्यावर दर आठवड्याला लॉगिन उघडून स्थिती पाहायची, त्यात आळस नको. महिनाभर अर्ज कॉलेजकडेच पडून दिसला तर शिष्यवृत्ती विभागात जाऊन त्यांच्यासमोर बसायचं.

आणखी एक बारीक पण जीवघेणी गोष्ट. बँक म्हणते ‘आधार लिंक आहे’, तरी सरकारकडचे पैसे येत नाहीत. कारण केवायसीसाठी आधार जोडणं वेगळं आणि सरकारी पैसे येण्यासाठी ते एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या) यादीत त्या खात्याशी बांधणं वेगळं. त्याला बँकेत ‘आधार सीडिंग’ म्हणतात. एका वेळी एकाच खात्याशी ते बांधलेलं असतं, आणि ते जिथे बांधलं आहे तिथेच पैसे जातात. माय आधारच्या साइटवर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहा. तिथे मुलीच्या दहावीत उघडलेल्या आणि आता बंद पडलेल्या खात्याचं नाव दिसलं, तर आज चालू असलेल्या बँकेत सीडिंगचा फॉर्म भरून द्या. हे काम प्रवेशाच्या आधीच करून टाकायचं. आणि हा अर्ज एकदा करून भागत नाही : दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं, दुसऱ्या वर्षी विसरणाऱ्या मुली कमी नाहीत.

पैशांचा हिशेब आता मांडू. कॅपच्या जागेवर पहिल्या वर्षी : शिक्षण शुल्क शून्य, विकास शुल्क १३,०००, इतर ९,०००, हॉस्टेल ६०,०००, मेस महिना ३,५०० प्रमाणे दहा महिन्यांचे ३५,०००, लॅपटॉप ४५,०००, पुस्तकं, ड्रॉइंगचं सामान, गावी येणं-जाणं मिळून १८,०००. एकूण १,८०,०००. पुढच्या तीन वर्षांत लॅपटॉप वगळून दर वर्षी १,३५,०००. चार वर्षांचे ५,८५,०००. हॉस्टेल-मेसचे आकडे अंदाजाचे आहेत. तुमच्या कॉलेजचे घालून पुन्हा मांडा.

युनिव्हर्सिटीत नुसती फी चौदा लाख, हॉस्टेल वेगळं. ती चौदा लाख कर्जाने भरली तर बँक साडेसात लाखांच्या वर तारण मागते, म्हणजे प्लॉट गहाण. अभ्यासक्रम आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच राहतं. दहा टक्के सरळ व्याजाने ते जवळपास ४,९०,००० होतं. पंधरा वर्षांच्या मुदतीत महिना सुमारे २०,३०० रुपये हप्ता आणि एकूण फेड साडेछत्तीस लाखांच्या आसपास. नव्याने नोकरीला लागलेल्या मुलीच्या पगारातून पंधरा वर्षं हा हप्ता, तेही तिची नोकरी आधी लागायची आहे. शाखेच्या नावासाठी ही किंमत आमच्या मते फार आहे. ई अँड टीसी करताना अनेक कॉलेजांत कॉम्प्युटरच्या विषयांची ‘मायनर’ पदवी घेता येते, आणि पहिल्या वर्षानंतर जागा रिकामी असेल तर गुणांवर शाखाबदलही असतो. त्यावर विसंबू नका, पण चौकशी करा.

५,८५,००० साठी एवढं पुरेल : चार लाखांचं शैक्षणिक कर्ज, दर वर्षी एक लाख उचलायचं. उरलेले पहिल्या वर्षी ८०,००० आणि नंतर दर वर्षी ३५,०००, मिळून १,८५,०००, म्हणजे तुमच्या एफडीत बसतं. चार लाखांपर्यंत बँकांच्या आदर्श योजनेत तारणही नाही आणि स्वतःचा हिस्साही नाही. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. कुठलीच व्याज सवलत मिळाली नाही असं धरलं, तरी पहिल्या लाखावर पाच वर्षांचं, दुसऱ्यावर चार, असं करत १,४०,००० व्याज साचेल. ५,४०,००० वर दहा वर्षांचा हप्ता सुमारे ७,१४०. हा हप्ता पेलतो. शिकत असतानाच व्याज भरत राहिलात तर अनेक बँका दरात एक टक्का सूट देतात आणि साचणंही थांबतं.

व्याज सवलतीचीही विचारपूस करा. उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर तांत्रिक अभ्यासक्रमाच्या कर्जावर शिकत असतानाचं आणि नंतरच्या एका वर्षाचं व्याज केंद्र सरकार भरतं, कॉलेज नॅक किंवा एनबीए (दर्जा तपासणाऱ्या संस्था) मान्य असलं तर. पीएम-विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेची आठ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाची तीन टक्के सवलत तुमच्या उपयोगाची नाही, कारण ती इतर सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला मिळत नाही, आणि कॉलेजही त्यांच्या यादीत असावं लागतं. राज्याच्या ओबीसी वित्त महामंडळाची व्याज परतावा योजना आहे. तिच्यात आधी तुम्ही बँकेचं व्याज भरायचं, मग १२ टक्क्यांपर्यंतचं परत मिळतं. एकाच कर्जावर दोन सवलती धरू नका. यातली कुठली लागू होते, ते कर्ज मंजूर होण्यापूर्वी बँकेकडून लिहून घ्या, नंतर ‘तो फॉर्म तेव्हाच द्यायचा होता’ असं ऐकावं लागतं.

बँकेत जाताना कॉलेजकडून लेटरहेडवर चार वर्षांच्या खर्चाचं पत्र घ्या, त्यात हॉस्टेल आणि मेस असू द्या, आणि शिक्षण शुल्काची सवलत वजा दाखवायला सांगा. ती न दाखवता पत्र दिलं तर बँक पूर्ण फी कॉलेजला पाठवते, मागून शिष्यवृत्तीही येते आणि जादा पैसे सोडवताना वर्ष जातं, व्याज तुमच्या डोक्यावर. लॅपटॉप आधी विकत घेऊ नका. दुकानाचं जीएसटीचं कोटेशन बँकेला द्या, पैसे थेट दुकानाला जातात. बार्शीच्या शाखेनेच अर्ज घ्यायला हवा, ‘कॉलेज पुण्यात आहे, पुण्यात जा’ हे कारण चालत नाही. नकार दिला तर कारण लेखी मागा. सोसायटीचं पीककर्ज थकलेलं असेल तर आधी ते नियमित करा, सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, अर्ज इथेच पडतात.

सोनं गहाण ठेवायचं ते फक्त दोन-तीन महिन्यांच्या अडचणीसाठी, कर्जाचा पहिला हप्ता कॉलेजला पोहोचेपर्यंत. चार वर्षांची फी सोन्यावर चालवली तर दर वर्षी नूतनीकरण करता करता दागिने लिलावाच्या नोटिशीपर्यंत येतात.

तुमचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे, म्हणून ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेचा अर्जही करा. सरकारी वसतिगृह न मिळालेल्या ओबीसी मुलामुलींना पुण्यात वर्षाला ६०,००० मिळतात : भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. जिल्ह्याला जागा मर्यादित, गुणांवर यादी लागते, त्यामुळे हिशेबात धरू नका. मिळाले तर पुढच्या वर्षीचं कर्ज तेवढं कमी उचला. मंजूर रक्कम पूर्ण उचललीच पाहिजे असं काही नाही.

धाकट्याचं मात्र आत्तापासून डोक्यात ठेवा. ओबीसी मुलग्यांना शिक्षण शुल्काची सवलत अजून पन्नास टक्केच आहे, म्हणजे अशाच कॉलेजात त्याच्या वाट्याला शिक्षण शुल्काचे ६५,००० येतील. त्याच्यासाठी ट्यूशन फी वेव्हर योजनेच्या जागा आहेत : प्रत्येक शाखेत पाच टक्के जादा, उत्पन्न आठ लाखांपर्यंत, आणि शिक्षण शुल्क पूर्ण माफ. जात लागत नाही, गुण मात्र बरेच लागतात, आणि त्या जागेवर नंतर कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. कॅपच्या पसंतीक्रमात त्यांचे चॉइस कोड वेगळे असतात, शेवटी टी अक्षर. आपल्या मनातल्या कॉलेजचा टीवाला कोड साध्या कोडच्या वर टाकायचा. खाली टाकला तर साधी जागा आधी मिळते आणि फुकटची जागा मागच्याला जाते.